दुसऱ्या फेरीत टायर तापतो, गाडी सरकते: हवा सोडण्याआधी हे तपासा

लक्षणं सगळ्यांची सारखीच असतात. रॅलीत सकाळच्या पहिल्या स्टेजला, म्हणजे वेळ लावून पळवायच्या रस्त्याच्या पहिल्या तुकड्याला, गाडी सांगितलेलं ऐकते. ऊन चढल्यावर त्याच रस्त्याच्या दुसऱ्या फेरीत पुढची चाकं वळणातून बाहेर ओढायला लागतात, ब्रेक लावल्यावर गाडी आणखी चार हात पुढे जाऊन थांबते, स्टेअरिंग हातात पोकळ लागतं. सर्व्हिसला, म्हणजे दोन स्टेजमधल्या दुरुस्तीच्या थांब्याला, येऊन गेज लावावा तर सकाळी २८ पीएसआय ठेवलेली हवा ३५ दाखवते. चाकाशी बसलेला पोरगा विचारतो, "दादा, हवा लई वाढलीय, सोडू का?" उत्तर बहुतेक वेळा "सोड" असंच येतं. हवा २८ वर येते, सगळ्यांना बरं वाटतं, पुढची स्टेज सुरू होते. ती संपता संपता पुन्हा तेच. संध्याकाळपर्यंत टायरच्या खांद्याकडचे, म्हणजे कडेचे, रबरी ठोकळे उडालेले असतात आणि खापर टायर कंपनीच्या माथी फुटतं.

ही अडचण परत परत येते, कारण तिच्यावर केला जाणारा उपायच तिला परत आणतो. टायर तापला हे खरं, पण तो कशाने तापला हे न बघता हवा सोडली तर अर्ध्या वेळा आपण आगीत तेल ओततो. ताप तीन ठिकाणांहून येतो: रस्त्याला घासणाऱ्या ट्रेडमधून, वाकणाऱ्या बाजूच्या भिंतीतून, आणि ब्रेककडून रिममधून. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, काही तर एकमेकांच्या विरुद्ध.

मराठवाड्यात हे जास्त का होतं, त्याला हंगाम कारण आहे. कापूस, तूर, ज्वारी, हरभरा निघून रान मोकळं होतं ते मार्चच्या सुमाराला. डर्ट ट्रॅक आखायला, ऑटोक्रॉस (रानात आखलेल्या वाटेवरची शर्यत) भरवायला, सरावाला जागा मिळते तीही तेव्हाच. म्हणजे आपण नेमके चाळिशी ओलांडलेल्या उन्हात गाडी पळवतो. जालना, परभणी, नांदेडकडे एप्रिल-मे महिन्यात पारा ४२-४३ वर असणं कुणाला नवीन नाही, आणि भर दुपारी डांबर ६० अंशांच्या पुढे तापलेलं असतं. त्यात खाली बसाल्टचा धारदार मुरूम, वर बोटभर फुफाटा. पकड कमी, घासणं जास्त.

आधी त्या ३५ चा हिशोब

सकाळी साडेसहाला, २४ अंशांत, सावलीत उभ्या गाडीत २८ पीएसआय हवा भरली. गेज जो आकडा दाखवतो तो बाहेरच्या हवेच्या दाबावरचा असतो. संभाजीनगर-जालना पट्ट्याच्या उंचीवर बाहेरचा दाब साधारण १४ धरा, म्हणजे टायरच्या आत खरा दाब ४२. बंद जागेतल्या हवेचा दाब तापमानाबरोबर वाढतो, पण ते तापमान केल्विनमध्ये मोजायचं असतं: २४ अंश म्हणजे २९७.

आता काहीही न करता गाडी दुपारपर्यंत तशीच उभी ठेवली आणि टायर ४१ अंशांना आला, तर दाब होतो ४२ गुणिले ३१४ भागिले २९७, म्हणजे ४४.४. त्यातून १४ वजा केले की गेजवर ३०.४. चाक एक फेराही न फिरता अडीचेक पीएसआय वाढले. स्टेज मारून आल्यावर आतली हवा ७५ अंशांवर असेल तर त्याच हिशोबाने गेज ३५ दाखवतो. वाढ एकूण सात. त्यातली अडीच उन्हाची, टायरच्या कामाची साडेचार-पावणेपाच.

माझ्या मते मातीच्या स्टेजवर कामाची वाढ चार ते सहा असेल तर टायर ठीक चालला आहे. म्हणजे वरच्या उदाहरणात बिघाड काहीच नव्हता! गाडी सरकत होती ते दुसऱ्या कारणाने. आणि आपण गरम टायरमधून सात पीएसआय सोडून दिले. तोच टायर दुसऱ्या दिवशी सकाळी २४ अंशांवर आला की गेज २२ दाखवेल. त्याच दिवशीसुद्धा, पुढच्या स्टेजच्या रांगेत उभं राहून टायर ५५ अंशांपर्यंत निवला तर सुरुवात पंचवीस-साडेपंचवीसवर होते. एवढ्या कमी हवेत बाजूची भिंत जास्त दबते, जास्त वाकते, आणि आतून तापते. पहिल्या दिवशी जो ताप नव्हता तो आता आपण तयार केला.

म्हणून पहिला नियम: सकाळी हवा भरताना नुसता दाब लिहू नका, त्या वेळचं तापमानही शेजारी लिहा. वहीत "२८" एवढंच असेल तर तो आकडा दुपारी निरुपयोगी आहे. गाडी सावलीत असली पाहिजे. सकाळचं कोवळं ऊन डाव्या बाजूला पडत असेल तर डावे दोन टायर एक-दोन पीएसआय जास्त दाखवतात, आपण ते "बरोबर" करतो आणि गाडी दिवसभर एका बाजूला वेगळी वागते. गेज एकच वापरा, दिवसभर तोच, मग तो महाग असो की स्वस्त. पेट्रोल पंपावरच्या यंत्राचा आकडा आणि आपल्या गेजचा आकडा यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

नायट्रोजनबद्दल दोन वाक्यं, कारण प्रश्न हमखास येतो. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि तापल्यावर दोघांची वाढ सारखीच होते. फरक पडतो तो हवेतल्या ओलाव्याने, कारण पाण्याची वाफ दाब जास्त आणि बेभरवशाने वाढवते. तेव्हा नायट्रोजन मिळाला तर भरा, नाही मिळाला तर कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा नळ उघडून साचलेलं पाणी काढा आणि मग हवा भरा. जुलै-ऑगस्टमध्ये तर हे कराच.

मोजायचं कसं

सर्व्हिसला गाडी थांबल्या थांबल्या, पहिल्या मिनिटाच्या आत मोजलं तरच उपयोग आहे. स्टेजचा शेवट आणि सर्व्हिस यांच्यात पंधरा-वीस किलोमीटरचा जोडरस्ता असेल तर ट्रेडचा वरचा थर केव्हाच निवलेला असतो. अशा वेळी स्टेज संपल्यावर थांबायची परवानगी असलेल्या जागेत नेव्हिगेटरने उतरून मोजावं. टीएसडीमध्ये, जिथे वेगाची नाही तर वेळ पाळण्याची स्पर्धा असते, तिथे एवढी घाई नसते, पण मोजायची पद्धत तीच.

इन्फ्रारेड गन फक्त पृष्ठभाग वाचते. खरं उत्तर सुईच्या थर्मामीटरने मिळतं: सुई ठोकळ्यात तीन-चार मिलिमीटर खुपसायची, आतली कड, मध्य, बाहेरची कड अशा तीन जागी. सुई नसेल तर गन चालेल, पण कोविडच्या काळात घेतलेली, कपाळाला लावायची गन आणू नका. ती ३२ ते ४३ अंशांच्या आसपासच वाचते आणि त्यापुढे नुसतं "हाय" दाखवते. सर्व्हिस एरियात ती घेऊन फिरणारे लोक दर मोसमात दिसतात. चकचकीत अलॉय रिम आणि ब्रेक डिस्कवर चांगली गनसुद्धा खोटं बोलते, खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवते. रिमच्या आतल्या बाजूला मॅट काळ्या रंगाचा एक ठिपका मारून ठेवा आणि दर वेळी तिथेच मोजा.

प्रत्येक चाकाचे मोजायचे आकडे असे: ट्रेडच्या तीन जागा, खांद्याच्या जरा खाली बाजूची भिंत, रिमवरचा ठिपका, आणि शेवटी हवेचा दाब. दाब शेवटी, कारण तो सगळ्यांत हळू बदलतो. आता या आकड्यांत सर्वांत गरम जागा कोणती, ते बघा.

ट्रेड सर्वांत गरम

ट्रेड तापलेला आहे, भिंत आणि रिम त्या मानाने गार आहेत, दाबाची वाढ माफक आहे. हा घासण्याचा ताप. टायर हाताने चाचपला तर ठोकळ्यांच्या कडांना रबराच्या बारीक वळ्या लागतात, पृष्ठभाग चिकट किंवा काचेसारखा गुळगुळीत झालेला असतो. ताप आणखी वाढला तर ठोकळ्याचा तुकडाच उडतो. वर सांगितलेली "दुसऱ्या फेरीत सरकते" ही तक्रार बहुतेक वेळा या गटातली असते. इथे दाबाशी खेळून फारसं काही हाती लागत नाही.

याचं मूळ पायांत आणि हातांत आहे. आपल्याकडच्या बहुतेक गाड्या पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या. त्यांचे पुढचे टायर वळवायचंही काम करतात आणि ओढायचंही, शिवाय ब्रेकचा मोठा वाटाही तेच उचलतात. वळणात पुढची चाकं सरकायला लागली की नवा ड्रायव्हर स्टेअरिंग आणखी फिरवतो. चाक आडवं होऊन रस्त्यावर खवणीसारखं घासत जातं, गाडी काही वळत नाही, आणि पाच सेकंदांत टायरच्या वरच्या थराचा ताप कुठल्या कुठे चढतो. उपाय ऐकायला उलटा वाटतो: स्टेअरिंग थोडं सोडा, ॲक्सिलरेटर सोडा, वजन पुढे येऊ द्या, टायरने रस्ता धरला की मग वळवा. सुरुवातीच्या रेषेवर चाकं फिरवून धुरळा उडवणं हेही यातच येतं. बघणाऱ्यांना मजा येते आणि टायर पहिल्या वळणाआधीच तापलेला असतो.

दुसरं मूळ अलाइनमेंट. पांदणीवर सराव करताना चाक एखाद्या बांधाला किंवा दगडाला आपटलं की टो बिघडतो. तरी गाडी सरळ जाते, कुणाला कळत नाही, पण दोन्ही पुढची चाकं जरा आत किंवा जरा बाहेर तोंड करून प्रत्येक मीटर घासत जातात. ट्रेडच्या एकाच कडेचं तापमान बाकीच्यापेक्षा दहा अंशांहून जास्त असेल तर आधी टो बघा, मग कँबर, म्हणजे चाकाचा उभा कल. गॅरेज जवळ नसेल तरी चालतं. दोन्ही चाकांच्या एकाच खुणेमधलं अंतर ॲक्सलच्या उंचीवर टेपने पुढून मोजा, गाडी अर्धा फेरा पुढे ढकला, तीच खूण मागे आली की पुन्हा मोजा. फरक किती असावा ते गाडीच्या पुस्तकात असतं. सुतळी ताणून मागच्या चाकांशी रेषही पाहता येते. ट्रेडचा मध्यच गरम असेल तर हवा खरोखर जास्त आहे. "सोड" हे उत्तर बरोबर ठरतं ते फक्त इथे, आणि तेही एक-दोन पीएसआय.

तिसरं, रस्ता स्वतः. पहिली गाडी जाते तेव्हा वर सुटा मुरूम आणि फुफाटा असतो, ती सरकते आणि पुढच्यांसाठी रस्ता झाडून जाते. दहाव्या-पंधराव्या गाडीला खालचा टणक थर लागतो, पकड वाढते, आणि वर आलेले बसाल्टचे कोपरे ठोकळे सोलतात. जागतिक रॅलीतही आधी सुटणाऱ्याला हा झाडूवाल्याचा त्रास असतो आणि मागून येणाऱ्याला झिजेचा. म्हणजे सकाळी ज्या सेटिंगने चाललं ते दुसऱ्या फेरीत चालेलच असं नाही, रस्ताच बदललेला असतो. काळ्या रानातला ट्रॅक असेल तर आणखी वेगळं. कोरडी काळी माती वर भुकटी आणि खाली काँक्रीट. पाऊस पडून गेला की तीच माती ट्रेडमध्ये भरून चाक गुळगुळीत गोळा होतं. तेव्हा ताप हा विषयच राहत नाही, गाडी ट्रॅक्टरने ओढून काढायची एवढंच.

बाजूची भिंत सर्वांत गरम

हा प्रकार धोक्याचा, आणि यात टायर फुटतो. टायर जमिनीला टेकतो तिथे दबतो, वर गेला की सरळ होतो, एका किलोमीटरला पाचशेच्या आसपास वेळा. तार वाकवून सरळ, वाकवून सरळ केली की जशी गरम होते, तसंच. रबर दबताना घेतलेली सगळी ऊर्जा परत देत नाही, उरलेली ताप होऊन आत राहते, आणि रबर उष्णतेचं वाईट वाहक असल्यामुळे ती लवकर बाहेर पडत नाही. ट्रेड निवतो, आतला ताप साचत जातो. टायरच्या आत १२० अंशांच्या आसपास आणि पुढे गेलं की रबर आणि आतल्या तारांच्या पट्ट्यांची एकमेकांवरची पकड सुटायला लागते. बाहेरून काहीच दिसत नाही, मग एकदम पापुद्रा सुटतो.

ओळख: दाबाची कामाची वाढ सहाच्या वर, खांदे मध्यापेक्षा गरम, आणि घासल्याच्या खुणा ट्रेडच्या कडेवरून खाली भिंतीवर उतरलेल्या. बऱ्याच टायरच्या खांद्यावर छोटा त्रिकोण कोरलेला असतो. घासण्याची खूण त्या त्रिकोणाच्या खाली गेली असेल तर टायर कुशीवर चालला आहे. खात्री करायची असेल तर टायर रिमवरून काढा: आत काळी रबराची भुकटी आणि भिंतीवर गोल सुरकुतीची रेघ दिसली की तो टायर कमी हवेवर धावलेला आहे. तो परत बसवू नका, पंक्चर काढूनही नाही.

उपाय हवा वाढवण्याचा आहे. दोन पीएसआयने सुरुवात करा, परत मोजा. ऊन तापलेलं आणि दाब आधीच वाढलेला असताना हवा वाढवा म्हटलं की सर्व्हिसमध्ये हटकून वाद होतो, पण वहीतल्या सकाळच्या तापमानाशी ताळा घालून दाखवला की वाद मिटतो.

मग वजन बघा. डिकीत दोन स्टेपन्या, जॅक, हत्यारं, पाण्याचा कॅन, कुणाचा तरी डबा. स्टेपनी एकेक वीस किलोच्या आसपास जाते. लहान गाडीच्या मागच्या टायरवरचा लोड इंडेक्स ८२ असेल तर तो टायर ४७५ किलो पेलणारा, ८८ असेल तर ५६० किलो. उभ्या गाडीत हे आकडे पुरतात, पण उडी मारून गाडी खाली आली की क्षणभर त्या चाकावर कितीतरी जास्त भार येतो.

आणि ट्यूब. पंक्चर काढून काढून कंटाळलेला माणूस ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब टाकतो, गावाकडे हे सर्रास चालतं. रोजच्या फेऱ्यांना ते निभतं, स्टेजवर नाही. ट्यूब आणि टायर आत एकमेकांना घासतात, आतून आणखी ताप तयार होतो, आणि फुटली तर ट्यूब एकदम फुटते, ट्यूबलेससारखी हळू बसत नाही.

रिम सर्वांत गरम

रिमवरचा ठिपका भिंतीपेक्षा गरम असेल तर ताप ब्रेकचा आहे. घाटउतारावर, किंवा उजव्या पायाने ॲक्सिलरेटर दाबून डाव्या पायाने ब्रेक धरायची सवय असेल तर पुढच्या डिस्क चारशे अंश सहज ओलांडतात. तो ताप हबमधून रिममध्ये, रिममधून बीडमध्ये (टायरची रिमवर बसणारी कड) आणि आतल्या हवेत जातो. गंमत अशी की गाडी थांबल्यावरही काही मिनिटं दाब वाढतच राहतो, कारण वारा बंद झालेला असतो. नेमका याच वेळी कुणीतरी गेज लावतो, वाढलेला आकडा बघतो, हवा सोडतो, आणि ब्रेक निवले की टायर मोकळा पडतो.

स्टेज संपली की शेवटचा किलोमीटरभर, जिथे परवानगी आहे तिथे, ब्रेक न वापरता हळू चाला. थांबल्यावर हँडब्रेक लावू नका, गिअरमध्ये ठेवून चाकाखाली दगड लावा. तापलेल्या डिस्कवर बादलीभर पाणी ओतणाऱ्याला आवरा: डिस्क वाकते किंवा तडकते, आणि टायरचा फक्त वरचा थर गार होऊन तुमचे सगळे आकडे खोटे ठरतात. एकाच चाकाचा रिम बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर त्या चाकाच्या ब्रेक कॅलिपरची पिन धुळीने जाम झाली आहे, ती काढून साफ करा. त्यात टायरचा काही दोष नाही.

एकच टायर तापतो तेव्हा

चारांपैकी एकच टायर सतत तापत असेल तर आधी काटा शोधा. बाभळीचा काटा आत मोडून राहिला तर हवा दिवसाला दोन-तीन पीएसआय अशी जाते, कळतही नाही. कपाशीची आणि तुरीची धसकटं तर खिळ्यांसारखी असतात, वाळल्यावर फारच. वॉल्व्हचं टोपण हरवलं की फुफाटा पिनमध्ये जाऊन बसतो आणि तिथून हवा झिरपते. रिमची कड दगडाला लागून वाकली असेल तर बीडमधून जाते. साबणाचं पाणी तिन्ही जागांना लावा, पाच मिनिटांचं काम. काटा, वॉल्व्ह, रिम तिन्ही ठीक आणि ब्रेकही मोकळा असेल तर शॉकअब्सॉर्बर. तेल तापून पातळ झालं किंवा गळून गेलं की ते चाक रस्त्यावर टिकत नाही, उड्या मारतं, प्रत्येक उडीत मोकळं फिरतं आणि खाली येताना घासतं. त्या चाकाचा ट्रेड एका अंतराने गरम-गार, खालीवर झिजलेला दिसतो.

टायर कोणता, किती जुना

भिंतीवर डॉट या अक्षरांनंतर येणाऱ्या ओळीच्या शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. ट्रेड पूर्ण शाबूत असलेला पण सहा वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये तापत पडलेला टायर स्वस्तात मिळतो आणि पहिल्याच स्टेजला ठोकळे टाकतो. टायर एकदा कडक तापून निवला की रबर थोडं आणखी टणक होतं, दर वेळी थोडं. नखाने दाबून बघा, नव्या टायरवर नख रुतून निशाण राहतं, म्हाताऱ्यावर घसरतं. काही टायरच्या भिंतीवर टेम्परेचरसाठी ए, बी किंवा सी अशी श्रेणी असते. ए सर्वांत जास्त ताप सोसणारा. रिमोल्ड टायर (जुन्यावर नवा ट्रेड चिकटवलेला) ऑटोक्रॉसच्या दोन-चार फेऱ्यांना चालतो असं म्हणणारे आहेत, मी त्यांच्याशी भांडत नाही, पण एप्रिलमध्ये लांब स्टेजला मी तो लावणार नाही. वर चिकटवलेला थर तापाने सुटतो, आणि सुटताना फेंडरही घेऊन जातो.

शेंद्र्यात स्कोडा बनते, वाळूजला गुडइयरचा टायर बनतो, तरी खऱ्या रॅली टायरसाठी आपल्याला नजर चेन्नईकडे लावावी लागते. तिथल्या एमआरएफचं रॅलीचं काम आता जगभर पोचलं आहे. २०२२ मध्ये एफ्रेन यारेना युरोपियन रॅली चॅम्पियन झाला तो याच टायरवर. रॅली टायर घेताना एकच गोष्ट बघा, रबर मऊ की कडक. मऊ रबर गार सकाळी आणि ओल्या मातीत लगेच पकड देतं, पण तापल्यावर फाटतं. कडक रबराला पहिले एक-दोन किलोमीटर जागं व्हायला लागतात, मग ते टिकतं. जागतिक रॅलीत २०२१ ते २०२४ पिरेलीचे आणि २०२५ पासून हँकूकचे टायर आहेत. मातीच्या स्टेजसाठी तिथेही मऊ आणि कडक असे दोनच मुख्य पर्याय, आणि तिथले ड्रायव्हर एका गाडीवर दोन्ही मिसळूनही लावतात. मराठवाड्यात उन्हाळ्यात चारही कडक, हिवाळ्यातल्या सकाळी पुढे मऊ, एवढं धरून चाला.

ठोकळ्यांत जादा चिरा पाडून घ्यायची फॅशन आहे. ओल्यात त्याचा फायदा होतो. कोरड्यात प्रत्येक छोटा ठोकळा जास्त हलतो, जास्त तापतो आणि आधी तुटतो. उन्हाळ्याच्या टायरला करवत लावू नका.

मोटरसायकलवाल्यांसाठी थोडं. काही जण मातीवर पुढे-मागे पंधरा पीएसआयच्या खाली जातात. रिम लॉक (टायर रिमला घट्ट धरून ठेवणारी पकड) नसेल तर टायर रिमवर फिरतो, ट्यूबचा वॉल्व्ह तिरका होतो आणि तुटतो. वॉल्व्ह तिरका दिसला की थांबा. पंक्चरची भीती नको म्हणून फोमचं मूस भरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की ते मातीवर हळू चालण्यासाठी असतं. डांबरी जोडरस्त्यावर एका दमात वेगाने नेलं की आतून वितळून भुकटी होतं. बसवताना त्याचं जेल सढळ हाताने लावा.

सराव करायचा तो बंद ट्रॅकवर किंवा मालकाच्या परवानगीने स्वतःच्या रानात. कन्नडचा घाट, म्हैसमाळचा रस्ता रात्री मोकळा दिसतो म्हणून तिथे वेळ लावायचा मोह होतो, पण सार्वजनिक रस्त्यावर वेगाची चाचणी हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. शिवाय घाटात आडवा ट्रक उभा असतो, तो वेगळाच.

परतीचा रस्ता राहिला. स्पर्धा संपली, ट्रेलर नाही, म्हणून त्याच टायरवर समृद्धीने घरी जाणारे बरेच आहेत. दिवसभर तापलेला, खांद्याचे ठोकळे गेलेला, हवा सोडलेला टायर आणि समोर मोकळं काँक्रीट, १२० ची मर्यादा: भिंतीतून येणाऱ्या तापाला याहून चांगली सोय नाही. स्टेजवर चाकाला श्वास घ्यायला वळणं आणि ब्रेक असतात, इथे तासभर एकच वेग. रस्त्याचे टायर सोबत आणा आणि निघण्याआधी बदला. ते शक्यच नसेल तर टायर निवू द्या, संध्याकाळी दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेला दाब भरा, ऐंशीच्या आत चाला, आणि जालना किंवा सावंगीच्या आसपास उतरून चारही भिंतींवर एकदा हात फिरवा. फुगवटा लागला तर तिथेच स्टेपनी लावा. ट्रेलर असेल तर त्याच्या टायरची हवा कुणी शेवटची कधी बघितली होती, तेही विचारा.